डर्थची पाच उदाहरणं

डर्थ हा इंग्रजी शब्द स्टोअरकाकांच्या घरी आला तो मंगळवारी सकाळी, सूनबाईंच्या पर्समधून, पोस्टकार्डाएवढ्या एका चिठ्ठीवर बसून. वर शब्द, त्याखाली 'अर्थ' आणि पुढे रिकामी जागा, त्याखाली 'उपयोग' आणि एक ते पाच आकडे. आकड्यांपुढेही रिकामी जागाच. टंचाई असा अर्थ असलेल्या शब्दाला शोभेल असाच त्याचा संसार होता.

"बाबा, एवढा एक शब्द कराल का?" सूनबाई चपलेचा पट्टा लावत म्हणाल्या. "शाळेतल्या मुलांची डिक्शनरी आहे. अर्थ आणि पाच वाक्यं. अर्ध्या तासाचं काम."

"कधीपर्यंत हवंय?"

"शुक्रवारी पाच वाजता 'डी'ची सगळी पानं छापायला जातात. वेळेवर गेली तर मी कायम. नाही गेली तर..." पट्टा लागला. "जातील म्हणा."

सूनबाईंना प्रकाशकाने सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलं होतं आणि शुक्रवारी ते सहा महिने भरत होते. वाक्यं लिहून देणारे प्राध्यापक नेमके डोळ्याच्या ऑपरेशनला गेले, आणि जाताना दोनशे शब्द तसेच ठेवून गेले. सूनबाईंनी ते मैत्रिणींत वाटले, सहकाऱ्यांत वाटले, दौऱ्यावर असलेल्या नवऱ्यालाही फोनवरून चार दिले. स्टोअरकाकांना मात्र शब्द मिळाला तो काकूंच्या वशिल्याने. "त्यांना काहीतरी दे गं हातात," असं काकू सुनेला म्हणाल्या होत्या, आणि त्याला कारण होतं.

एका मोठ्या कार्यालयाचं भांडार चौतीस वर्षं सांभाळून स्टोअरकाका दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. भांडार सुटलं, हात काही थांबेनात. मागच्याच आठवड्यात त्यांनी स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्याला दोऱ्याने एकेक कार्ड बांधलं होतं: आवक, जावक, शिल्लक, सही. साखरेच्या कार्डावर सही न करता काकूंनी चहात साखर घातली, यावरून नवराबायकोत लेखी पत्रव्यवहार झाला. त्यातलं काकूंचं उत्तर एका ओळीचं होतं आणि ते इथे देता येण्यासारखं नाही.

चिठ्ठीला टाचणीने एक छापील कागद जोडलेला होता. 'उदाहरणे लिहिणाऱ्यांसाठी सूचना.' सूचना क्रमांक चार: 'उदाहरणे प्रत्यक्ष जीवनातील असावीत.' स्टोअरकाकांनी ती तीनदा वाचली आणि चष्मा पुसला. निवृत्तीनंतर सल्ले पुष्कळ मिळाले होते. सकाळी चाला, रात्री कमी जेवा, डब्यांना हात लावू नका. पण क्रमांक घातलेली छापील सूचना दोन वर्षांत एकही मिळाली नव्हती.

प्रत्यक्ष जीवनातील म्हणजे प्रत्यक्ष पडताळणी केलेली. याचा दुसरा काही अर्थ होऊ शकतो, हे भांडारातल्या माणसाच्या ध्यानात येणं शक्यच नव्हतं.

अर्थ लिहायला त्यांना चाळीस मिनिटं लागली, कारण या विषयात त्यांची मतं पक्की होती. शिल्लक शून्य असेल तर त्याला 'नाही' म्हणतात, टंचाई नव्हे. टंचाई व्हायलासुद्धा थोडा माल लागतो. शिवाय तो माल कोणाला तरी हवा असावा लागतो. डासांचा डर्थ झाला असं आजवर कोणी म्हटलेलं नाही. शेवटी त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं: 'वानवा, हवी ती वस्तू असणे, पण पुरेशी नसणे.' मग एक नवी वही काढली, तिच्यात वाक्य, तारीख, वेळ, पडताळणी आणि शेरा असे रकाने आखले, आणि बाहेर पडले.

जिन्यातच हेडसर भेटले. हेडसर शेजारच्या बिऱ्हाडात राहत आणि त्यांनी तीस वर्षं इंग्रजी शिकवलेलं होतं.

"डर्थ? तुमच्याकडे आलाय?" हेडसरांनी चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. वर आपलं नाव लिहून खोडलेलं आहे का, हे बहुधा ते बघत होते. "बरं. आलाच आहे तर ऐका. शॉर्टेज दुकानात भेटतो. स्कॅर्सिटी वर्तमानपत्रात भेटते. पॉसिटी या इमारतीत फक्त मी वापरतो. आणि डर्थ म्हणजे भाषणात कोट घालून येणारा शब्द. त्याला वस्तू मोठी लागते. डर्थ ऑफ लीडरशिप. डर्थ ऑफ मॅनर्स. तुम्ही आपले लिहाल डर्थ ऑफ स्क्रू."

"माझ्या भांडारात स्क्रूची टंचाई कधी झाली नाही," स्टोअरकाका दुखावून म्हणाले, आणि जिना उतरले.

पहिलं वाक्य त्यांच्या मनात तयारच होतं. सोसायटीच्या सभेला दर महिन्याला निम्मी माणसं भिंतीला टेकून उभी असतात. तेव्हा: देअर इज अ डर्थ ऑफ चेअर्स इन अवर बिल्डिंग. सकाळी दहा पंधराला वाक्य वहीत चढलं आणि दहा वीसला स्टोअरकाका सेक्रेटरींच्या दारात उभे राहिले.

"खुर्च्यांची नोंदवही हवी होती."

"कशाला हो काका?"

"डिक्शनरीसाठी."

सेक्रेटरींनी आयुष्यात बऱ्याच सबबी ऐकल्या होत्या, पण ही इतकी कच्ची होती की मागे काहीतरी मोठं असणार अशी त्यांची खात्रीच पटली. त्यांनी वही दिली आणि आत जाऊन दोन फोन केले.

नोंदवहीत चाळीस खुर्च्या होत्या आणि सभागृहात अकरा. उरलेल्या एकोणतीस खुर्च्या संपल्या आहेत की फक्त हलल्या आहेत, हे ठरल्याशिवाय वाक्य खरं की खोटं ते कळणार नव्हतं. स्टोअरकाका घरोघर निघाले. पहिल्या मजल्यावरच्या ताईंच्या गॅलरीत एका खुर्चीवर उशा वाळत होत्या. खुर्चीच्या पाठीवर पांढऱ्या रंगाने सोसायटीचं नाव होतं.

"ही आमचीच," ताई म्हणाल्या.

"नाव आहे वर."

"नावाचं काय, नाव कुणीही घालतं."

स्टोअरकाकांनी वाद घातला नाही. फक्त वहीत काहीतरी लिहिलं. बोलणाऱ्या माणसाला लोक उत्तर देतात; न बोलता लिहिणाऱ्याला घाबरतात. बुधवारी सकाळी ते सभागृहात गेले तेव्हा तिथे त्रेपन्न खुर्च्या होत्या. अंधारातून आलेल्या, पुसून ठेवलेल्या. एकीला हात नव्हता, एक फिरती होती, एकीवर भरतकामाची गादी होती, आणि एक तर लहान मुलाची होती, जिच्यावर ससा काढलेला होता. घाबरून कोणी कोणी स्वतःच्याच खुर्च्या आणून ठेवल्या होत्या.

सेक्रेटरी डोकं धरून उभे होते. "काका, कमी होत्या तेव्हा निभत होतं. आता या तेरा जादा कुठल्या म्हणून दाखवू?"

"जादा निघालेला माल कमी निघालेल्यापेक्षा वाईट," स्टोअरकाका सहानुभूतीने म्हणाले. त्यांना हे अनुभवाने ठाऊक होतं. मग वही उघडून पहिल्या वाक्यापुढे शेरा मारला: पडताळणीअंती असत्य.

दुसऱ्या वाक्यासाठी नाइलाजाने हेडसरांचा सल्ला घ्यावा लागला. डर्थ ऑफ मॅनर्स. सभ्यपणा मोजायचा कसा, याचा त्यांनी चहा होईपर्यंत विचार केला आणि तळमजल्यावर लिफ्टशेजारी स्टूल टाकून बसले. मागून येणाऱ्यासाठी दार कोण धरून ठेवतो, कोण नाही, अशी दोन घरं आखली. चौथ्या मजल्यावरचे दंतवैद्य स्वतःच्या सासूसाठी कधी थांबल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. त्यांनी स्टूल पाहिलं, वही पाहिली, आणि फाटकाशी अजून रिक्षातून उतरत असलेल्या एका अनोळखी माणसासाठी चार मिनिटं दार पायाने अडवून धरलं. लिफ्ट कण्हायला लागली. त्यांच्या मागचे दोघे "आधी तुम्ही", "छे छे, आधी तुम्ही" करत बसले तोवर लिफ्ट रिकामीच वर निघून गेली. तासाभरात एकोणीसपैकी एकोणीस. कुठे औषधालासुद्धा उद्धटपणा सापडेना.

"अहो, लिहा ना काहीही," वर आल्यावर काकू म्हणाल्या. "खरं की खोटं कोण बघायला येणार आहे?"

"मी," स्टोअरकाका म्हणाले, आणि दुसऱ्या वाक्यावर रेघ मारली.

गुरुवारी सकाळी अकरा वीसला त्यांनी तिसरं वाक्य लिहिलं: देअर इज अ डर्थ ऑफ मॅचबॉक्सेस इन द मार्केट. याला आधार एवढाच की आदल्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानदाराने काडेपेटी द्यायला बराच वेळ लावला होता. पडताळणीचा रकाना रिकामा ठेवून ते दुकानात गेले.

"काडेपेट्या किती शिल्लक?"

"दीड पुडा असेल."

"नवा माल?"

"येईल की. वितरक आला की येईल."

"म्हणजे तारीख सांगता येत नाही," असं म्हणून स्टोअरकाकांनी ते लिहून घेतलं. शेजारी साबण घ्यायला आलेल्या पहिल्या मजल्यावरच्या ताई उभ्या होत्या. खुर्चीच्या प्रकरणापासून त्या या वहीला वचकून होत्या.

"काका, काय झालं? काडेपेट्या मिळणार नाहीत का आता?"

पडताळणी न झालेली गोष्ट स्टोअरकाका कधी सांगत नसत. त्यांनी टोपण लावलं, वही मिटली आणि अत्यंत प्रामाणिकपणे म्हणाले, "आत्ताच काही सांगता येत नाही."

एखादं दुकान रिकामं करायला यापेक्षा प्रभावी वाक्य अजून सापडलेलं नाही. ताईंनी साबण राहू दिला आणि सहा काडेपेट्या घेतल्या. त्या जिना चढून वर पोचेपर्यंत खाली आठ माणसं उभी होती. दुपारपर्यंत ही बातमी रस्ता ओलांडून पलीकडे गेली आणि परत येताना मोठी होऊन आली: कारखाना बंद पडलाय, लाकूड संपलंय, एक अधिकारी स्वतः येऊन मोजून गेले. दंतवैद्यांच्या घरी विजेची शेगडी होती. त्यांनी दहा घेतल्या. हेडसरांनी सिगारेट सोडून अकरा वर्षं झाली होती, त्यांनी डझनभर घेतल्या आणि वर सांगितलं, "प्रश्न काडेपेटीचा नाही, पॉसिटीचा आहे." पाचच्या सुमाराला दुकानदार सुट्ट्या काड्या मोजून देत होता.

स्टोअरकाका समोरच्या फुटपाथवर उभे राहून हे बघत होते. माल आहे, पण पुरेसा नाही. हवा तर सगळ्यांनाच आहे. व्याख्येत चपखल बसणारी टंचाई त्यांच्या डोळ्यांपुढे उभी होती, आणि ती त्यांनीच पाडलेली होती. आपण पाडलेली टंचाई आपणच उदाहरण म्हणून द्यावी का? सूचना पत्रक याबाबत काही बोलत नव्हतं. बराच विचार करून त्यांनी पडताळणीच्या रकान्यात 'सत्य' लिहिलं आणि शेऱ्यात, मनाला लागू नये म्हणून बारीक अक्षरांत, 'कारण: पडताळणी'.

संध्याकाळी सूनबाई आल्या, त्यांच्या डोळ्यांखाली शाईसारखी वर्तुळं होती. "एकशे नव्याण्णव झाले बाबा. तुमचा एक. झालाय ना?"

"होत आलाय," स्टोअरकाका म्हणाले. भांडारात या दोन शब्दांचा अर्थ 'अजून सुरुवात नाही' असा होतो. पण सूनबाई भांडारात कधी नव्हत्या. त्या निर्धास्त झाल्या.

शुक्रवारी सकाळी, सूनबाई कामावर गेल्यावर, दहाच्या ठोक्याला बेल वाजली. दारात पुरवठा कार्यालयाचे निरीक्षक होते आणि त्यांच्या मागे, आपण सहज जात होतो असा चेहरा करून, हेडसर.

"काल काडेपेट्यांची अफवा उठली. त्याआधी एक गृहस्थ दुकानात वही घेऊन चौकशी करत होते म्हणतात. ते तुम्हीच का?"

"अफवा नव्हे. पडताळणी," स्टोअरकाका म्हणाले, आणि निर्मळ मनाने वही पुढे केली. आयुष्यात नोंद दाखवायला त्यांनी कधी कां कू केलं नव्हतं.

निरीक्षकांनी वही वाचली. मग चष्मा काढून पुन्हा वाचली.

"हे वाक्य तुम्ही गुरुवारी सकाळी अकरा वीसला लिहिलंय. बाजारात काडेपेट्यांची टंचाई आहे, असं."

"बरोबर."

"टंचाई झाली संध्याकाळी पाचला."

"ती पुढच्या रकान्यात आहे."

"मग अकरा वीसला तुम्हाला कसं कळलं?"

स्टोअरकाकांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं, की वेळ लिहिण्याची सवय नसलेला कुठलाही गबाळा माणूस या क्षणी सुखात असता.

"डिक्शनरीसाठी आधी वाक्य लिहायचं असतं," ते म्हणाले, "आणि मग..."

"आणि मग ते खरं करायचं?"

"सर, मी यांना डर्थ ऑफ लीडरशिप घ्या म्हटलं होतं," हेडसरांनी मागून साक्ष दिली.

निरीक्षकांनी घरात साठा आहे का म्हणून विचारलं. स्टोअरकाका ठामपणे नाही म्हणाले आणि स्वतःच त्यांना स्वयंपाकघरात घेऊन गेले. वरच्या फळीवर एक नवा डबा होता. त्याला दोऱ्याने कार्ड बांधलेलं होतं: काडेपेट्या, आवक चोवीस, जावक शून्य, शिल्लक चोवीस. खाली काकूंची ठसठशीत सही. दोन आठवड्यांत काकूंनी भरलेलं हे पहिलंच कार्ड.

"सगळे घेत होते म्हणून मी घेतल्या," काकू म्हणाल्या. "आणि तुम्हीच म्हणत होता ना, लिहून ठेवत जा?"

निरीक्षक भला माणूस होता. इथे कटबिट काही नाही, हे त्याला चहाचा पहिला घोट घेतानाच समजलं होतं. पण तोपर्यंत कार्डावर आणि वहीवर जप्तीच्या चिठ्ठ्या डकवून झाल्या होत्या आणि डकवलेली चिठ्ठी काढायचा अधिकार त्याला नव्हता. "वही परत हवी असेल तर कार्यालयात या. नमुना सात भरून द्या. आजच्या आज मिळेल."

स्टोअरकाकांना वही हवीच होती. तिसरं वाक्य तिच्यात होतं, पुराव्यासह. ते खरं धरलं तरी आणखी चार करायची होती, आणि घड्याळात अकरा वाजले होते. सुनेची नोकरी, एकशे नव्याण्णव शब्द आणि 'होत आलाय' हे आपलं बोलणं, अशा तीन गोष्टी डोक्यात घेऊन ते पुरवठा कार्यालयात पोचले. पहिल्या खिडकीने दुसरीकडे पाठवलं, दुसरीने जेवणाच्या सुट्टीकडे. अडीचला तिसऱ्या खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "नमुना सात ना? तो भांडारात मिळतो. मागच्या बाजूला."

मागच्या बाजूला लोखंडी कपाटांच्या रांगेत, जुन्या कागदाचा आणि फिनाइलचा वास असलेल्या त्या खोलीत पाऊल टाकलं आणि स्टोअरकाकांना चौदा ठिकाणी फिरून घरी आल्यासारखं वाटलं. टेबलामागे त्यांच्याच घडणीचे एक भांडारपाल बसले होते. हाताशी तीन रंगांची पेनं, समोर घट्ट बंद केलेलं कप्प्यांचं कपाट.

"नमुना सात हवा होता."

"नाही." भांडारपालांनी मान वर केली नाही.

"शिल्लक शून्य?"

या प्रश्नावर मान वर झाली. "शून्य नाही. चार आहेत."

"मग?"

"चार शेवटचे आहेत. शेवटचे देत नसतात. ते नमुन्याला ठेवावे लागतात. मागणीपत्र मार्चमध्येच गेलंय."

यावर कुठल्याही सामान्य माणसाने टेबलावर हात आपटला असता. स्टोअरकाकांनी खुर्ची ओढली आणि बसले. चौतीस वर्षांत त्यांनीही शेवटचे चार कधी कोणाला दिले नव्हते. त्यासाठी लोकांनी त्यांना शिव्या दिल्या होत्या, साहेबांनी मेमो दिला होता, आणि आपलं बरोबर होतं हे सांगायला आजवर दुसरा माणूस भेटला नव्हता.

"तुम्ही कुठले?" भांडारपालांनी विचारलं. स्टोअरकाकांनी सांगितलं. मग दोघांनी गंजलेल्या बिजागऱ्यांविषयी, वाळवीविषयी आणि जादा निघणाऱ्या मालाविषयी वीस मिनिटं बोलून घेतलं. शेवटी भांडारपालांनी दरवाजाकडे एक नजर टाकली, किल्ली फिरवली आणि कप्प्यातून एक फॉर्म काढून टेबलावर ठेवला.

"घ्या. तुमच्यासाठी म्हणून. तीन ठेवतो नमुन्याला."

साडेतीन वाजले होते. फॉर्म भरला असता तर दहा मिनिटांत वही हातात पडली असती. वहीत काय होतं? खुर्च्या, असत्य. सभ्यपणा, असत्य. काडेपेट्या, सत्य, पण स्वतःची करणी. आणि इथे टेबलावर काय होतं? माल होता, पुरेसा नव्हता, कोणाला तरी हवा होता, आणि तो तसा व्हायला स्टोअरकाकांनी बोटसुद्धा उचललं नव्हतं. तीन दिवसांत आपल्यामुळे न बिघडलेली अशी ही पहिलीच टंचाई. ती एका फॉर्मने आणखी वाढवणं, आणि तेही एका सज्जन भांडारपालाचा नियम मोडून!

त्यांनी फॉर्म दोन्ही हातांनी परत केला. "आत ठेवा. शेवटचे देऊ नयेत. मला फक्त तसं लेखी द्या."

भांडारपालांना भरून आलं. त्यांच्या वीस वर्षांच्या नोकरीत लेखी मागणारा माणूस आला नव्हता. त्यांनी कोरा कागद घेतला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'प्रमाणित करण्यात येते की, या कार्यालयात अर्ज नमुना सातचे चार नग शिल्लक असून ते अपुरे आहेत.' सही, तारीख, आणि गोल शिक्का, जो त्यांनी दोनदा फुंकून वाळवला.

स्टोअरकाका प्रकाशकाच्या कार्यालयात पोचले तेव्हा पाचला वीस मिनिटं होती. सूनबाईंच्या टेबलावर पानांचा गठ्ठा बांधून तयार होता आणि वरच्या पानावर तळहाताएवढी जागा मोकळी होती. फोनवरून काकूंनी सकाळपासूनचा वृत्तान्त सांगितलेला होता. त्यामुळे सूनबाई आता स्वतःच वाक्यं लिहायला बसल्या होत्या.

"देअर इज अ डर्थ ऑफ वॉटर इन द डेझर्ट," त्या पुटपुटत होत्या.

"वाळवंटात तू कधी गेली होतीस?" स्टोअरकाकांनी दारातूनच विचारलं.

"बाबा, प्लीज. बसा तिकडे. माझी सहा महिन्यांची..."

"हे कोण?" आवाज मागून आला. मुख्य संपादक बाई उभ्या होत्या. बारीक चणीच्या, पांढऱ्या केसांच्या, हातात लाल पेन. त्यांच्या येण्याने खोलीतले पंखेसुद्धा हळू फिरायला लागल्यासारखं वाटलं.

"माझे सासरे. डर्थ यांच्याकडे दिला होता," सूनबाई म्हणाल्या, आणि माणूस इंजेक्शन घेताना बघतो तसं दुसरीकडे बघू लागल्या.

स्टोअरकाकांनी खिशातून डर्थची चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली आणि तिच्याशेजारी प्रमाणपत्र उलगडलं. "देअर इज अ डर्थ ऑफ फॉर्म्स इन द सप्लाय ऑफिस. आज दुपारी साडेतीन. पुराव्यासह."

बाईंनी शिक्का वाचला. मागची बाजू पाहिली. "हे तुम्ही जाऊन बघून आलात?"

"सूचना क्रमांक चार. प्रत्यक्ष जीवनातील."

"ती सूचना मी लिहिली होती," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "बावीस वर्षांपूर्वी. कोणी वाचली असेल असं वाटलं नव्हतं." मग त्यांचा आवाज पूर्ववत झाला. "एकच आहे हे. आम्हाला पाच लागतात."

"चार तपासली. दोन खोटी निघाली, एक मीच खरं करून बसलो. हे एक टिकलं."

"शब्दाला पाच उदाहरणं, हा आमच्या प्रकाशनाचा नियम आहे."

स्टोअरकाकांनी सुनेकडे पाहिलं. तिची बोटं पेनच्या टोपणाशी चाळा करत होती. त्यांना भांडणाची सवय नव्हती. त्यांना फक्त हिशेबाने बोलता येत होतं.

"मॅडम," ते म्हणाले, "टंचाईची उदाहरणं मागाल तेवढी मिळायला लागली, तर मुलांना टंचाई कळायची कशी?"

भिंतीवरच्या घड्याळात आठ मिनिटं उरली होती. बाईंनी चिठ्ठी पुढे ओढली, अर्थ वाचला, ओठ मुडपले आणि 'वानवा'वर क्षणभर पेन टेकवून उचललं. मग पहिल्या आकड्यापुढे वाक्य स्वतःच्या हाताने लिहिलं आणि दोनपासून पाचपर्यंतचे आकडे एका लाल रेघेने उडवून खाली सही केली आणि चिठ्ठी पानावरच्या मोकळ्या जागेत डकवली.

"पाठवा छापायला," त्या सूनबाईंना म्हणाल्या. "आणि सोमवारी माझ्याकडून कायमचं पत्र घेऊन जा. एक शब्दसुद्धा असा शोधून आणणारी माणसं ज्यांच्या घरी आहेत, त्यांना बाहेर सोडणं धोक्याचं आहे."

सूनबाई "थँक्यू" म्हणाल्या की रडल्या, ते नीट कळलं नाही, कारण गठ्ठा उचलून त्या धावत सुटल्या होत्या.

बाईंनी मग चिठ्ठीपासून सुटं करून ठेवलेलं सूचना पत्रक पुढे ओढलं. सूचना क्रमांक चारवर लाल रेघ मारली आणि समासात लिहिलं: 'उदाहरणे सुचतील तशी लिहावीत. पडताळणी करू नये.' सही केली, तारीख घातली.

स्टोअरकाकांनी ते उलटं वाचलं आणि खाकरले. "याची एक प्रत मिळेल का? शिक्क्यासह?"

घरी पोचेपर्यंत सातला आले होते. सूनबाईंनी दारातच काकूंच्या गळ्यात हात टाकला. "आई, मी कायम!"

"अगं बाई! आणि हे? यांनी काय घोळ घातला तिथे?"

"बाबांमुळे त्यांचा बावीस वर्षांचा नियम रद्द झाला."

काकूंनी नवऱ्याकडे वळून कमरेवर हात ठेवले. सकाळी घरात जप्ती, संध्याकाळी परक्याच्या कचेरीत नियम रद्द. दोन्हींचा हिशेब एकदमच व्हायला हवा होता.

"म्हणजे चूक कुणाची ठरली शेवटी?"

"नियमाची," स्टोअरकाका म्हणाले, आणि खिशातून शिक्का मारलेली प्रत काढून त्यांच्या पुढ्यात ठेवली.